रिकामा वाडा आणि चिवट पाहुणा



रोग बरा व्हावा म्हणून मनुष्य रुग्णालयात जातो, आणि तेथेच, औषधाच्याच निमित्ताने, त्याला नवा रोग जडतो. 'क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल' या जंतूची हीच कथा. तो १९३५ साली नवजात अर्भकांच्या विष्ठेत सापडला. प्रयोगशाळेत वाढविणे कठीण गेले, म्हणून हे नाव. तान्ह्यांना तो सहसा बाधत नाही. त्यामुळे प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या आतड्याच्या भयंकर दाहाच्या मुळाशी हाच आहे, हे कळावयास १९७८ साल उजाडले.

आपले आतडे म्हणजे निरुपद्रवी जंतूंनी गजबजलेला वाडा. प्रतिजैविक औषध शत्रूबरोबर या भल्या बिऱ्हाडकरूंनाही हाकलते. मग रिकाम्या वाड्यात हा शिरतो. जुलाब, ताप, पोटदुखी, आणि वृद्धांच्या बाबतीत कधी मृत्यूही.

याचे बीजाणू मोठे चिवट. बाटलीतले अल्कोहोल हातांना चोळून ते मरत नाहीत. हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात. खाट व शौचकूप क्लोरीनच्या द्रावणाने पुसावयाचे, रोग्यास वेगळी खोली द्यावयाची. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात २००३ ते २००५ या काळात ३३४ जणांना लागण झाली, किमान ३३ दगावले. रोगी वेगळे ठेवण्याचा तज्ज्ञांचा सल्ला मागे पडला आणि प्रतीक्षाकाळाची सरकारी उद्दिष्टे पुढे आली, असे २००६ च्या चौकशीत निघाले!

पण केवळ फडके मारून भागते काय? इंग्लंडात २००७ च्या सुमारास वर्षाला पन्नास हजारांवर रोगी होत. २०१३ पर्यंत ते पंधरा हजारांखाली आले. स्वच्छता वाढली होतीच, शिवाय फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधांना आवर घातला होता. श्रेय कोणाचे? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की, त्या औषधांना न जुमानणारे प्रकारच काय ते ओसरले. बाकीचे जवळजवळ होते तसेच राहिले. केराचा झाडू असा निवड करीत नाही. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील मोलाची गोष्ट हीच. साध्या सर्दीलाही "जरा जोरदार औषध द्या" म्हणून डॉक्टरांपाशी हट्ट धरणारे आपल्यात थोडे नाहीत.

उपचारात शक्य तर आधीचे प्रतिजैविक थांबवितात आणि व्हॅन्कोमायसिन किंवा फिडॅक्सोमायसिन पोटात देतात. रोग वारंवार उलटला, तर निरोगी माणसाच्या विष्ठेतील जंतू रोग्याच्या आतड्यात सोडण्याचाही उपाय आहे. नाक मुरडू नका. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डच प्रयोगात १६ पैकी १३ जण एकाच खेपेत बरे झाले.

घरी कोणाला प्रतिजैविक चालू असता, वा संपल्यावर काही आठवड्यांत, दिवसाला तीन-चार पातळ जुलाब होऊ लागले, तर दुकानातून जुलाब थोपविणारी गोळी आणू नये. आधीच्या औषधाची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे.