मीठ, रस्ता आणि कामगाराचे ज्ञान



अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ गोठतो. तो वितळावा म्हणून मालमोटारींतून मीठ पसरले जाते. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो आणि अपघात टळतात. ही सोय खोटी नव्हे. प्रश्न एवढाच, की हे मीठ पुढे कोठे जाते? मिनियापोलिस व सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या परिसरात टाकलेल्या मिठापैकी सुमारे ७० टक्के त्याच परिसरातील जमीन, तळी व भूजल यांत अडकून राहते, असे मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले. मिठातील क्लोराइड कुजत नाही, विरत नाही. ते वेगळे काढणे अतिशय खर्चाचे असते. चमचाभर मीठ सुमारे १९ लिटर पाणी कायमचे दूषित करते, असा राज्याच्या प्रदूषण नियंत्रण संस्थेचा हिशेब आहे.

यावर त्या संस्थेने योजलेला उपाय यंत्राचा नव्हे, शिक्षणाचा आहे. मीठ टाकणाऱ्या कामगारांना ती प्रशिक्षण व प्रमाणपत्र देते. हवेचे नव्हे, रस्त्याच्या पृष्ठभागाचे तापमान पाहावे. ते उणे ९ अंश सेल्सियसच्या खाली गेले, की साध्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही. आधी बर्फ लोटून काढावा, मग मीठ टाकावे. मीठ ओलावून टाकल्यास ते उसळून कडेला जात नाही. यंत्रातून नेमके किती मीठ पडते, ते मोजून घ्यावे. गोष्टी साध्या आहेत, परंतु परिणाम मोठा आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या आवारात २००६ साली असे प्रशिक्षण दिल्यानंतर मिठाचा वापर ४१ टक्क्यांनी घटला आणि पहिल्याच वर्षी पन्नास हजार डॉलरांहून अधिक बचत झाली.

मग सर्वत्र असे का घडत नाही? येथे अर्थव्यवहार आडवा येतो. खासगी वाहनतळ साफ करणाऱ्या कंत्राटदाराला जेथे मिठाच्या वजनावर पैसे मिळतात, तेथे उधळपट्टी हाच नफा ठरतो. कोणी घसरून पडला तर दावा होईल, या भीतीने मालकही जास्तीचे मीठ मागतो. मिठाची किंमत हिशेबवहीत चढते. तळ्याच्या नाशाची चढत नाही, ती समाजाच्या माथी पडते. न्यू हॅम्पशायर राज्याने २०१३ साली प्रमाणपत्रधारक कंत्राटदारांना व त्यांना काम देणाऱ्या मालकांना अशा दाव्यांपासून मर्यादित संरक्षण दिले. त्यामुळे भीती कमी होते. मात्र जखमी पादचाऱ्याचा भरपाईचा हक्क आकुंचित होतो, हेही नोंदवलेच पाहिजे. मालकाचे ओझे उतरवून ते पादचाऱ्यावर टाकणे हा न्याय नव्हे.

तात्पर्य, कामगाराचे कौशल्य ही सार्वजनिक संपत्ती आहे. कामगाराला शिकवायचे आणि कंत्राट मात्र नासाडीला बक्षीस देणारेच ठेवायचे, तर ते शिक्षण प्रमाणपत्रापुरते उरेल. मोबदला टाकलेल्या मिठावर नव्हे, मोकळ्या झालेल्या रस्त्यावर ठरला पाहिजे. तेव्हाच रस्ता आणि पाणी, दोन्ही राखली जातील.