रुपयाची हजेरी

(वस्तीतल्या वाचनालयात तरुण कार्यकर्त्यांपुढं केलेलं भाषण)



मला बोलावलं ते 'शिक्षण आणि परिवर्तन' यावर. एवढा मोठा विषय मला झेपायचा नाही. मी पालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग घेतो. सकाळी सातला मस्टरवर सही, मग हजेरी. मी हजेरीवरच बोलतो.

माझ्या वर्गात एक पोरगी आहे. नाव सांगत नाही, तुमच्याच वस्तीतली आहे. आठवड्यातनं तीन दिवस गैरहजर. का? तर आई पहाटेच पाच घरची धुणीभांडी करायला जाते, बाप नाक्यावर कामासाठी उभा राहतो आणि दीड वर्षाचा भाऊ हिच्या कडेवर. अंगणवाडीत बसवतात ते तीन वर्षांपुढच्या पोरांना. त्याखालच्याला पोषण आहार घरी मिळतो, सांभाळणारा हात मिळत नाही. ही नऊ वर्षांची पोरगीच या व्यवस्थेचं पाळणाघर आहे.

1992 साली सरकारला आपल्या पोरींची दया आली. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींना शाळेत आल्याबद्दल दिवसाला 1 रुपया. शाळेचे दिवस धरा 220, म्हणजे वर्षाचे 220 रुपये. तीस वर्षांनी, 2022 सालीही तो रुपया रुपयाच होता. तेवढ्यात आमदारांचे पगार किती वेळा वाढले ते मोजा. माझाही वाढला, तोही मोजा. आणि ग्यानबाची मेख अशी, की रुपया हवा तर हजेरी 75 टक्के हवी. म्हणजे जिला घरकामानं शाळेबाहेर ठेवलं, नेमकी तिच्याच हातावर काही नाही!

जोतीरावांनी 1882 साली हंटर आयोगापुढं मागणी केली, बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा. कायदा झाला 2009 साली, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. सव्वाशे वर्षं उलटून गेली! तो सहा ते चौदाच्या पोरांना हक्क देतो. कडेवरच्या भावाचं काय, ते तो सांगत नाही.

मी त्या भावालाही वर्गात बसू दिलं. तो खडू खातो. वरचे साहेब म्हणाले, शाळा आहे की पाळणाघर? लेखी खुलासा मागितला. मी लिहून दिलं, मुलगी हजर आहे, सोबत तिचं कामही हजर आहे.

जुने दोस्त भेटले की टोमणा मारतात, "मास्तर, खडू धरलास आणि चळवळ सोडलीस." त्यातला एक आता जयंतीच्या बॅनरवर हात जोडून उभा असतो. त्याला म्हटलं, भावा, त्या डीजेच्या भाड्यात पोरं सांभाळणाऱ्या बाईचा महिन्याचा पगार निघेल. तो हसला. चहाचे पैसे मात्र त्यानंच दिले.

माझी बायको दवाखान्यात आया आहे. तिनं एकदाच विचारलं, "अहो, पोरगी शाळेत आणाल, पण पोरगं कोण घेणार? तुमची भाषणं?"

म्हणून आज भाषणापेक्षा मागणीच करतो. या वाचनालयाची मागची खोली सकाळी सात ते साडेबारा कुलपातच असते. वस्तीतल्या दोन बाया यायला तयार आहेत; त्यांना पैसे द्यायचे, फुकट राबवायचं नाही. त्यांच्या मदतीला तुमच्यातले रोज दोघं. आणि हे काम आपल्या पोरींवर ढकलाल तर मी इथनंच उठून जाईन. लंगोट पोरग्यांनाही बदलता येतो.

सोमवार ते बुधवार नावं आली आहेत. गुरुवारपासून वही कोरी आहे. टेबलावर ठेवतो. पेन सोबतच आहे.