ज्येष्ठतेचा दिनांक आणि मागील वेतनाचा हक्क

(प्राथमिक शिक्षकांच्या सेवाविषयक वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शिक्षकाने तीस वर्षे दाखल-खारीज रजिस्टरात मुलांच्या जन्मतारखा खाडाखोड न करता लिहिल्या, त्याला स्वतःच्या नावापुढे ज्येष्ठता-सूचीत कोणता दिनांक लागला आहे हे पुष्कळदा ठाऊक नसते. सूची कार्यालयात येते, फलकावर काही दिवस राहते आणि हरकतींची मुदत सरल्यावर तीच अंतिम म्हणून प्रसिद्ध होते. शिक्षक मात्र ती प्रथम नीट वाचतो तो आपल्यामागून सेवेत आलेला सहकारी मुख्याध्यापक झाल्याची वार्ता कानी आल्यावर. त्या दिवशी त्याच्या मनात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात : गेलेला मान परत मिळेल काय, आणि मधल्या वर्षांच्या पगाराचा फरक हाती येईल काय? हे दोन्ही प्रश्न सामान्यतः एकच समजले जातात. कायद्याच्या दृष्टीने ते दोन आहेत, त्यांची उत्तरे निराळ्या वाटांनी जातात, आणि पहिला जिंकून दुसरा हरलेले सेवक थोडेथोडके नाहीत.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घ्यावे. समजा, एका शिक्षकाची नेमणूक रीतसर निवडीने जून १९९४ मध्ये झाली. परंतु कार्यालयातील कागद रेंगाळल्यामुळे त्याला सेवेत कायम केल्याचा आदेश १९९७ मध्ये निघाला. दुसरा शिक्षक १९९५ मध्ये लागला आणि १९९६ मध्येच कायम झाला. दोघेही प्रशिक्षित, दोघेही एकाच जिल्ह्याच्या एकाच संवर्गातले. सूची करणाऱ्या लिपिकाने कायम झाल्याचे दिनांक धरले, त्यामुळे दुसरा वर गेला आणि पहिला खाली आला. २००९ मध्ये मुख्याध्यापकाची जागा दुसऱ्याला मिळाली. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू नाही, कोणी लाच घेतलेली नाही. केवळ एका रकान्यात चुकीची तारीख पडली. तथापि त्या तारखेने एका माणसाच्या निवृत्तिवेतनापर्यंतचा सगळा हिशेब बदलून टाकला.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे इष्ट. पदोन्नती मिळणे हा कोणाही सेवकाचा हक्क नव्हे. पदोन्नतीसाठी आपला विचार नियमाप्रमाणे व्हावा, हा मात्र हक्क आहे आणि त्याचे मूळ संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदात आहे. ज्याचे नाव सूचीत चुकीच्या जागी आहे, त्याचा विचार योग्य वेळी होतच नाही, आणि तेवढ्यापुरता त्याचा हक्क बुडतो.

आता कायम होण्याचा दिनांक खरा की नेमणुकीचा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. त्याचा सर्वांत गाजलेला वाद आपल्याच राज्यातल्या अभियंत्यांनी लढविला. जुन्या मुंबई राज्याच्या अभियंता-सेवेत उपअभियंत्याच्या पदावर दोन वाटांनी माणसे येत : काही सरळ निवडीने, काही खालच्या पदावरून पदोन्नतीने. सरळ आलेल्यांना परिवीक्षेचा काळ संपताच कायम करीत. पदोन्नतीने आलेले तेच काम, त्याच हुद्द्याने, वर्षानुवर्षे करीत. पण त्यांच्या नावापुढे ‘स्थानापन्न’ हा शब्द चिकटलेला राही. १९६० च्या व नंतर १९७० च्या नियमांनी ज्येष्ठता कायम होण्याशी बांधल्यामुळे, कालपरवा सेवेत आलेला तरुण दीर्घकाळ पूल आणि धरणे बांधणाऱ्या अधिकाऱ्याच्या वर जाऊन बसे.

१९७७ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे निकालात निघाला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड पुण्याचे. पुढील वर्षी ते भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांच्या निकालाचा गाभा असा की, कायम होणे ही सरकारी नोकरीतली एक बेभरवशाची गोष्ट आहे. ती सेवकाच्या कर्तृत्वावर अवलंबून नसते आणि कायम जागा रिकामी असण्यावरही नसते. जागा उपलब्ध असतानाही स्थानापन्न उपअभियंत्यांना कायम केले नव्हते, हे त्या प्रकरणाच्या कागदपत्रांतच दिसत होते. न्यायमूर्तींनी तेथे एक मार्मिक दाखला दिला आहे. एक विख्यात न्यायाधीश उच्च न्यायालयात कायम झाले, आणि जिल्हा न्यायाधीश म्हणून ते कायम झाल्याचा आदेश त्यानंतर काही वर्षांनी निघाला! ज्या गोष्टीचा क्रम इतका उलटासुलटा होऊ शकतो, तिच्यावर माणसाची ज्येष्ठता टांगून ठेवणे समतेच्या तत्त्वाला सोडून आहे, असे ठरवून न्यायालयाने ते नियम त्या अंशापुरते रद्द केले.

वाद मात्र तेवढ्यावर शमला नाही. सरळ निवडीने आलेल्या अधिकाऱ्यांच्या संघटनेने तो पुढे चालविला आणि १९९० मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने शेवटचा शब्द दिला. नियमानुसार नेमणूक झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या दिनांकापासून मोजावी, कायम होण्याच्या दिनांकापासून नव्हे. नेमणूक जर तदर्थ, नियम बाजूला ठेवून, केवळ तात्पुरत्या सोयीसाठी केलेली असेल, तर तो काळ धरता येणार नाही. आणि प्रारंभीच्या नेमणुकीत पद्धतीची काही उणीव राहूनही सेवक अखंड काम करीत राहिला व पुढे नियमाप्रमाणे नियमित झाला, तर आधीचा काळही हिशेबात घ्यावा. कल्पित उदाहरणातील पहिल्या शिक्षकाची बाजू ह्या निकालावर भक्कम उभी राहते, कारण त्याची निवड मुळातच रीतसर होती. ज्याला कोणा अधिकाऱ्याने तोंडी हुकमाने काही महिने वर्गावर उभे केले होते, त्याला मात्र हा आधार मिळणार नाही, आणि पुष्कळ तक्रारी निष्फळ ठरतात त्या येथेच.

जिल्हा परिषदेच्या सेवेत आणखी एक विशेष आहे. येथील शिक्षकाचा संवर्ग जिल्ह्यापुरता असतो. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हा जुन्या जिल्हा शाळा मंडळांचे आणि विदर्भातील जनपद सभांचे सेवक नव्या छत्राखाली आले. तेव्हापासून ज्येष्ठतेची सूची जिल्ह्याची स्वतंत्र राहिली आहे. म्हणून स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला शिक्षक तेथे नव्याने ज्येष्ठता मिळवू लागतो. वेतन टिकते, सूचीतील स्थान टिकत नाही. घराजवळ यावे म्हणून आनंदाने सही केलेल्या विनंतीपत्रातील ती अट पुढे दहा वर्षांनी आठवते, तेव्हा तिच्यावर दाद मागण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे पैशाचा. पहिल्या शिक्षकाने हरकत घेतली, ती मान्य झाली, आणि त्याला २००९ हा पदोन्नतीचा ‘मानीव दिनांक’ मिळाला असे धरावे. मानीव दिनांक याचा अर्थ, प्रत्यक्षात पदोन्नती नंतर झाली तरी ती त्या दिवशी झाली असे मानावयाचे. त्या दिनांकापासून त्याचे वेतन कागदावर नव्याने निश्चित होते, वार्षिक वाढी त्या हिशेबाने मिळविल्या जातात, आणि पुढचा पगार व निवृत्तिवेतन वाढलेल्या वेतनावर निघते. परंतु मागील वर्षांचा फरक रोख द्यावयाचा की नाही, येथे कार्यालय बहुधा एकच वाक्य लिहिते : प्रत्यक्ष काम केले नसल्याने थकबाकी अनुज्ञेय नाही.

हे वाक्य निराधार आहे असे म्हणता येत नाही. आयुधनिर्माणींतील पर्यवेक्षकांच्या प्रकरणात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेच ठरविले होते. मागील तारखेने पदोन्नती मिळाली तरी वरच्या पदाचे काम न केलेल्या काळाचा पगार मागता येत नाही, असा तो निकाल होता. पण ही बाजूची एकच कडा झाली. दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, मोहोरबंद पाकिटांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी कडा दाखविली. ज्यांच्याविरुद्ध चौकशी आहे त्यांच्या पदोन्नतीचा निर्णय पाकिटात बंद करून ठेवण्याची ती पद्धत. चौकशीत सेवक पूर्णपणे निर्दोष ठरला, तर ‘काम नाही तर दाम नाही’ हा नियम त्याच्या आड येत नाही. जो काम करावयास तयार होता आणि ज्याला त्याचा काही दोष नसताना अधिकाऱ्यांनीच कामापासून दूर ठेवले, त्याला तो नियम ऐकविणे न्यायाचे नव्हे. मात्र दिरंगाई सेवकामुळे झाली असेल किंवा तो केवळ संशयाच्या फायद्यावर सुटला असेल, तर वेतन किती द्यावे हे परिस्थिती पाहून ठरवावे, अशी पुस्तीही तेथे जोडलेली आहे.

ह्या दोन निकालांमधील जागेत थकबाकीचा प्रत्येक वाद लढला जातो. म्हणून चूक कोणाची, हा मुद्दा अर्जात स्पष्टपणे लिहिला गेला पाहिजे. केवळ ‘ज्येष्ठता दुरुस्त करावी’ एवढेच मागणाऱ्याला ज्येष्ठता मिळते आणि थकबाकीचा शब्दही आदेशात येत नाही. आपण वरच्या पदाचे काम करण्यास तयार होतो, सूची प्रसिद्ध होताच हरकत घेतली होती, तिची पोच अमुक दिनांकाची आहे, आणि तरीही कार्यालयाने दुरुस्ती केली नाही, असा क्रम कागदावर आला तर १९९१ चा निकाल सेवकाच्या बाजूने बोलतो. ती पोच नसेल तर १९८९ चा निकाल कार्यालयाच्या बाजूने बोलतो. कार्यालयाच्या शिक्क्याची एक पोच अशा वेळी कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी मोलाची ठरते.

विलंबाविषयी न्यायालये कठोर आहेत, आणि ती तशी असण्यात अर्थ आहे. तामिळनाडूतील एका सेवकाने १९५७ मधील कृतीविरुद्ध चौदा वर्षांनी दाद मागितली. कनिष्ठाला पदोन्नती मिळाली असे वाटणाऱ्याने सहा महिन्यांत, फार तर एका वर्षात न्यायालयात यावे, असे १९७४ मध्ये त्याला सांगण्यात आले. दरम्यान कितीही स्मरणपत्रे पाठविली तरी मुदत वाढत नाही. वेतननिश्चितीतील चुकीचे तसे नाही, कारण दरमहा कमी पगार मिळणे ही चालू राहणारी हानी होय. तरीही २००८ च्या एका निकालाप्रमाणे उशिरा येणाऱ्याला साधारणपणे मागील तीन वर्षांचीच थकबाकी मिळते. त्याच निकालाने हेही सांगितले की, ज्या मागणीने इतरांची ज्येष्ठता किंवा पदोन्नती उलटून पडेल, तिला चालू हानीचा हा आश्रय मिळणार नाही.

इतरांचा हा विचार महत्त्वाचा आहे. ज्येष्ठतेच्या वादात सरकार हे नावाचे प्रतिवादी असते. खरी झळ सहकाऱ्याला लागते. उत्तर प्रदेशातील शिक्षकांच्या एका प्रकरणात, ज्यांच्या नोकऱ्या निकालामुळे जाणार होत्या त्यांना पक्षकार न करताच उच्च न्यायालयाने निर्णय दिला होता. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत चुकीची ठरविली. म्हणून उच्च न्यायालयात जाणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने, ज्याच्या वर आपले नाव जावे असे तो मागतो, त्या सहकाऱ्याला प्रतिवादी करावयास हवे. त्यात संकोच वाटतो. एकाच गावात, कधी एकाच शाळेत राहावयाचे असते. पण त्याला न कळविता मिळविलेला निकाल टिकत नाही.

राहता राहिला दुसरा शिक्षक. त्यानेही सूची केलेली नव्हती; २००९ पासून मुख्याध्यापकाचे काम त्याने प्रामाणिकपणे केले. सूची दुरुस्त झाल्यावर त्याचे नाव खाली येईल, क्वचित तो मूळ पदावरही परत येईल. पण घेतलेला पगार त्याच्याकडून वसूल करता येईल काय? जादा दिलेल्या रकमांच्या वसुलीविषयी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये काही मर्यादा घातल्या. ज्याच्याकडून चुकीने वरच्या पदाचे काम करून घेतले आणि त्याप्रमाणे पगार दिला, त्याच्याकडून ती रक्कम परत मागू नये, अशी त्यांतील एक मर्यादा आहे. तृतीय व चतुर्थ श्रेणीतील सेवक, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे सेवक, आणि वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळालेले सेवक, ह्यांनाही तेच संरक्षण दिलेले आहे. त्यामुळे पहिल्याला थकबाकी मिळाली तरी ती दुसऱ्याच्या खिशातून येत नाही.