आतड्याचा दाह आणि घरचे पथ्य

आतड्याचा दीर्घकालीन दाह हे दोन आजारांचे सामाईक नाव असून, त्यांपैकी अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरावर व्रण पडून रक्तमिश्रित जुलाब होतात, तर क्रोन्स डिसीज पचनमार्गात कोठेही उद्भवून आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो आणि काही रुग्णांत तो मार्गच अरुंद करतो. दोहोंत शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटलेली असते. म्हणून तिखट खाल्ल्याने हा रोग जडतो, हा घरोघरीचा समज खरा नाही, परंतु जडलेला रोग सांभाळताना आहाराला महत्त्व असते, हे मात्र खरे.

या महत्त्वाचा ठळक भारतीय पुरावा दिल्लीच्या एम्सने 2022 मध्ये प्रसिद्ध केला. सौम्य ते मध्यम कोलायटिसच्या 66 रुग्णांवरील या चाचणीत एका गटाला निरोगी दात्याच्या मलातील जिवाणूंचे रोपण व दाहरोधक आहार मिळाला, म्हणजे गहू, दूध, लाल मांस, साखर आणि कारखान्यात तयार झालेले पदार्थ वगळून फळे, भाज्या व आंबवलेले अन्न वाढवले गेले. दुसऱ्या गटाची नेहमीची औषधे अधिक नेटाने चालवली गेली. आठ आठवड्यांनी पहिला गट सरस ठरला आणि पुढे वर्षअखेरपर्यंत केवळ आहारावरही त्याची आघाडी टिकली. अर्थात आरंभी रोपण व आहार एकत्र असल्याने त्या यशात आहाराचा वाटा किती, हे सांगता येत नाही, आणि या निष्कर्षाच्या आधारे औषध सोडणे तर सर्वथा गैर ठरेल.

आता घरच्या ताटाचे पाहू. छत्तीसगढमधील भिलाईच्या मराठी घरात वरणभात, भाकरी आणि ठेचा यांच्या शेजारी छत्तीसगढी बोरे बासीही, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवून किंचित आंबवलेला भातही, येऊ शकते. मऊ भात पचनास हलका असल्याने रोग उसळलेला असताना तो सोसतो. पण बासी या रोगावर गुणकारी आहे असे म्हणण्याजोगा आधार नाही, आणि मे महिन्याच्या उष्म्यात उघडे राहिलेले अन्न नासून झालेला जंतुसंसर्ग रोग पुन्हा चाळवू शकतो. ठेच्याबाबत इतकेच की, उसळीच्या काळात तो जळजळ व जुलाब वाढवतो. रोग शांत असताना तो ज्याला सोसतो, त्याच्या ताटातून तो कायमचा काढून टाकण्याचे कारण नाही.

अतिपथ्याचा धोका याहून मोठा आहे, कारण रुग्ण भीतीने आधी दूध सोडतो, मग डाळ, मग भाज्या, आणि रक्तस्रावाने आधीच घटलेले लोह, तसेच प्रथिने व जीवनसत्त्वे आणखी खालावून वजन घसरते. दुधातील शर्करा न पचणाऱ्यालाही दही बहुधा चालते; डाळ मऊ शिजवून, भाजी साल व बिया काढून देता येते. क्रोन्समुळे आतडे अरुंद झालेले असेल, तर ही काळजी रोग शांत असतानाही घ्यावी लागते आणि उपवासाच्या साबुदाणा खिचडीतील अख्खे शेंगदाणे, मक्याचे दाणे, संत्र्याच्या फोडींवरील पापुद्रा व गवारीच्या शिरा टाळाव्या लागतात, कारण त्या अरुंद जागी अडकून आतडे तुंबण्याचा संभव असतो.