एका अक्षराचा हट्ट

करी रोड स्टेशनला फलाट एकच. इथे कुणाला टाळायचं म्हणजे कसबाचं काम. माझ्या एका मित्रानं ते दीड वर्ष निभावलं. तो चिंचपोकळीला उतरून घरी चालत जायचा. मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी त्यानं माझ्याकडून चाळीस हजार हातउसने घेतले होते, ते परत आले नव्हते. आम्ही एका चाळीतले. 1982च्या गिरणी संपात आमच्या आयांनी एका डब्यातलं पीठ दोन घरांत वाटून घेतलेलं.

रोज रात्री अंथरुणात मी त्याच्याशी भांडायचो. तिथे मी कधीच हरत नसे.

मग कि. मो. फडके वाचनात आले. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1955च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती फडक्यांनी मराठीत आणली. एलिस म्हणतात, घटना आणि आपला संताप यांच्या मध्ये आपला हट्ट बसलेला असतो. इंग्रजीत तो 'मस्ट'. त्यावरून एलिसनी घडवलेला शब्द या व्यासपीठावर उच्चारायची माझी छाती नाही. आपली सोय बरी, मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो: 'च'. 'त्यानं पैसे द्यायलाच हवे होते.' 'निदान फोन तरी करायलाच हवा होता.' मी ही वाक्यं कागदावर उतरवली आणि 'च' खोडला. 'त्यानं फोन केला असता तर बरं वाटलं असतं.' दुःख राहिलं, धुसफूस उतरली. आणि पैशांवरचा हक्क? तो शाबूत. 'च' खोडणं म्हणजे उधारी माफ करणं, असं समजणारे सज्जन मला बरेच भेटतात.

पण कागदावरचं शहाणपण तोंडात यायला सराव लागतो. एलिस स्वतः पोरवयात मुलींशी बोलायला घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ब्रॉंक्सच्या वनस्पती उद्यानात बाकांवर बसलेल्या शंभरेक अनोळखी बायकांशी बोलणं काढलं. एकीनं भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. भीती मात्र गेली. मी सरावासाठी घरी बायकोला त्या मित्राच्या जागी बसवलं. माझं पहिलं वाक्य 'तू नेहमी...' असं निघालं. ती म्हणाली, "मी तो असते तर इथेच उठून गेले असते."

शेवटी त्याला चिंचपोकळीच्या फलाटावर गाठलं. म्हटलं, "पैशांबद्दल बोलायचंय, भांडायचं नाही. तू वाट बदलतोस त्याचं मला वाईट वाटतं." आणि गप्प राहिलो. सगळ्यात अवघड हेच. दोन लोकल गेल्या.

"पैशांची लाज मला आहे रे," तो म्हणाला. "पण गणपतीत, मांडवात, 'ह्याला खुर्ची द्या, माझे चाळीस हजार उभे आहेत' म्हणून पोरांना हसवलंस, ते?"

मला आठवतही नव्हतं. माझ्या कागदावर सगळे 'च' माझे होते, त्याचा एकही नव्हता. "चुकलं माझं," एवढंच म्हणालो.

आता दरमहा दोन हजार येतात. मध्ये एक हप्ता चुकला. त्या रात्री तो 'च' पुन्हा उशाशी येऊन बसला होता.