तीस नावांचा निबंध
(आमच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत एकीनं विचारलं होतं, "एखाद्या बाईचं संशोधन मोठं आहे, हे ठरवतं कोण?" एका संशोधक बाईंच्या शोधनिबंधांच्या यादीतून आज याचं उत्तर शोधू या. या बाई अमेरिकेतल्या, सुझान टोपालियन. शिक्षणानं सर्जन, आणि काम कर्करोगावरच्या इम्युनोथेरपीत.

आधी हा उपचार समजून घेऊ. आपल्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी असतात. त्यांनी घरच्याच पेशींवर हल्ला करू नये म्हणून त्यांना पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. कर्करोग लबाडीनं तोच ब्रेक दाबून धरतो. औषधानं ब्रेक सुटला की टी-पेशी पुन्हा कामाला लागतात.

१९८५ साली टोपालियन अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत आल्या आणि तिथे त्यांनी वीसेक वर्षं काढली. त्या काळी सगळ्यांचं लक्ष कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या टी-पेशींकडे होतं. यांनी 'मदतनीस' टी-पेशींवर काम केलं. मदतनीस म्हटलं की दुर्लक्ष ठरलेलंच, हे आपल्याला वेगळं सांगायला नको! त्या पेशीही कर्करोगाची खूण ओळखतात, हे दाखवणारा त्यांचा एक निबंध १९९४ सालचा आहे.

२००६ मध्ये त्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. २०१० मध्ये पीडी-१चा ब्रेक सोडवणाऱ्या औषधाच्या ३९ रुग्णांवरच्या चाचणीचा निबंध आला. त्यात पहिलं नाव ज्युली ब्रामर यांचं आणि शेवटचं टोपालियन यांचं. या शास्त्रात बहुधा पहिलं नाव काम ओढणाऱ्याचं असतं आणि शेवटचं ज्येष्ठ मार्गदर्शकाचं. म्हणजे दोन्ही मानाच्या जागी बायका होत्या.

२०१२ च्या निबंधात टोपालियन यांचं नाव पहिलं आहे. चाचणीत २९६ रुग्ण होते. ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला, त्यांच्यापैकी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या २८ टक्के, मूत्रपिंडाच्या २७ टक्के आणि फुप्फुसाच्या १८ टक्के रुग्णांच्या गाठी चांगल्याच आक्रसल्या. फुप्फुसाच्या कर्करोगावर असा उपचार चालेल, असं तोवर फारसं कुणाला वाटत नव्हतं. निव्होल्युमॅब या नावानं हे औषध २०१४ मध्ये जपान आणि अमेरिकेत मंजूर झालं. पुढच्या संशोधकांनी या एका निबंधाचा हवाला दहा हजारांहून अधिक वेळा दिला आहे. शास्त्रातलं वजन मोजायचं मुख्य माप आज हेच: तुमचा निबंध इतरांनी किती वेळा उद्धृत केला.

२०१८ चं नोबेल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना मिळालं. पीडी-१ होंजोंच्या प्रयोगशाळेत सापडला, १९९२ मध्ये. ॲलिसन यांनी दुसऱ्या एका ब्रेकवर मूलभूत काम केलं. त्या पुरस्काराबद्दल माझी तक्रार नाही. पण पुरस्कारावर नावं दोन, आणि २०१२ च्या त्या निबंधावर तीस. त्यांत पॅथॉलॉजीतज्ज्ञ जॅनिस टॉब यांचंही नाव आहे. ४२ रुग्णांच्या गाठींचे नमुने रंगवून पाहिले, तेव्हा ब्रेक दाबणारं प्रथिन १७ जणांत दिसलं नाही आणि त्यांच्यापैकी एकालाही गुण आला नाही. उरलेल्या २५ पैकी ९ जणांना आला. औषध कुणाला लागू पडेल, याचा पहिला धागा अशा काचपट्ट्यांवर मिळाला.

काचपट्ट्यांबद्दल मी आपुलकीनं बोलते, कारण सव्वीस वर्षं एका प्रयोगशाळेत मी त्याच रंगवल्या. माझं नाव निबंधावर कधीच आलं नाही. दोनदा शेवटच्या आभारात आलं, आणि त्यातही एकदा आडनाव चुकलं. मी विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं.

हवाल्यांच्या मोजणीतून आणखी एक गोष्ट निसटते. औषध पोचलं कुणापर्यंत? निव्होल्युमॅबची किंमत आपल्याकडे बहुतेक घरांना पेलणारी नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी म्हणून वेगळा प्रश्न विचारला: कमी मात्रेत भागेल का? नेहमीच्या २४० ऐवजी फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, इतर औषधांच्या जोडीला. डोक्या-मानेच्या पुढच्या अवस्थेतल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण चाचणीत होते. एका वर्षानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. २०२३ च्या या निबंधावर डॉ. वनिता नरोन्हा आणि डॉ. नंदिनी मेनन यांचीही नावं आहेत. बाल्टिमोरचं काम परळला पोचलं, ते असं. माझ्या लेखी खरा प्रभाव तो.

तुमच्यापैकी ज्या प्रयोगशाळेत, महाविद्यालयात किंवा सर्वेक्षणात काम करतात, त्यांना एकच सांगणं. निबंध छापायला जाण्याआधी आपण काय केलं ते तारखेनिशी वहीत लिहून ठेवा, आणि नाव कुठे येणार हे विचारा. विचारताना आवाज थोडा कापेल. कापू द्या.