आतड्यातली भाऊबंदकी

श्रोतेहो, शेताच्या बांधावरून भांडण होतं ते कुणाशी? परगावच्या माणसाशी नव्हे. ते होतं चुलतभावाशी. कारण दोघांचा डोळा एकाच जमिनीवर असतो. अशीच भाऊबंदकी तुमच्याआमच्या पोटात अहोरात्र चालू आहे, आणि तिचा फायदा पुष्कळदा आपल्याला होतो.

माणसाच्या शरीरात, मुख्यत्वे मोठ्या आतड्यात, सुमारे ३८ लाख कोटी जंतू राहतात, असा २०१६ मधला एक हिशेब आहे. त्यांतला एक जंतू थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञांनी १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या शौचात पाहिला. तोच ई. कोलाय. ज्वारीचे जसे नाना वाण, तसे याचेही. बहुतेक निरुपद्रवी, काही मात्र घातकी.

१९२५ साली बेल्जियमचे आंद्रे ग्रासिया यांना दिसलं की, ई. कोलायच्या एका वाणाने सोडलेल्या द्रव्याने दुसऱ्या वाणाची वाढ खुंटते. फ्लेमिंगना पेनिसिलिन दिसायला तेव्हा अजून तीन वर्षं होती. ग्रासियांच्या या द्रव्याला पुढे कोलिसिन हे नाव मिळालं.

कोलिसिन म्हणजे एक प्रथिन. ते शत्रूच्या घरात शिरतं कसं? जंतूच्या बाहेरच्या आवरणावर ब-१२ जीवनसत्त्व आत घेण्याची दारं असतात. ई गटातली कोलिसिनं नेमकी याच दारांना येऊन चिकटतात. मग ई-१ हे आतल्या पडद्याला भोक पाडतं, ई-२ डीएनए तोडतं, आणि ई-३ प्रथिनं बनवण्याचा कारखानाच बंद पाडतं. किल्ली ठराविक कुलपाचीच असल्यामुळे जवळचे भाऊबंद मरतात. दूरच्या जातीच्या जंतूंना सहसा धक्का लागत नाही.

आता तुम्ही विचाराल, विष बनवणारा स्वतः कसा वाचतो? त्याच्याजवळ उताराही असतो. विष आणि उतारा या दोन्हींची कृती डीएनएच्या एकाच लहानशा कड्यावर शेजारी शेजारी असते. मात्र विष बाहेर सोडताना बनवणारा जंतू बहुधा स्वतः फुटून मरतो. थोडे मरतात आणि उतारा जवळ असलेले त्यांचे बाकीचे सगेसोयरे जागा राखतात.

याचा माणसाला काय उपयोग? पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, जर्मनीचे डॉक्टर आल्फ्रेड निस्ले यांनी एका सैनिकाच्या शौचातून ई. कोलायचा एक वाण वेगळा केला. सोबत्यांना हगवणीने गाठलं होतं. हा गडी ठणठणीत होता. त्या वाणाच्या कॅप्सूल करून निस्ल्यांनी त्या रोग्यांना दिल्या. हा वाण मायक्रोसिन नावाची दोन छोटी विषं बनवतो, हे फार पुढे कळलं. २०१६ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला. सुजलेल्या आतड्यातल्या साल्मोनेला जंतूंना या वाणाने मागे रेटलं. मायक्रोसिन बनवण्याची शक्ती काढून घेतल्यावर मात्र त्याला ते साधलं नाही.

म्हणजे काट्याने काटा काढण्याचीच ही रीत. पण घाई नको. पोटातले पाचकरस अशी प्रथिनं पचवून टाकतात, आणि शत्रूही आपलं दार बदलून विषाला दाद देईनासा होतो. म्हणून याचं हुकमी औषध करणं सोपं नाही.

तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. नेहमीची बरीच प्रतिजैविकं चोर आणि साव निवडत नाहीत. पोटातले पहारेकरीही त्यांनी मरतात. मग रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलसारखा जंतू माजतो आणि जुलाबाने माणूस जेरीस येतो, प्रसंगी दगावतोही. साधी सर्दी विषाणूंची. तिच्यावर या गोळ्या चालतच नाहीत. तेव्हा मागच्या आजारातली कपाटात उरलेली गोळी तोंडात टाकण्यापूर्वी जरा थांबा. डॉक्टरांनी दिली तर जरूर घ्या, आणि सांगितलेल्या रीतीनेच घ्या. पण आपल्या मनाने घेऊ नका. आपल्या पोटात दिवसरात्र जागता पहारा आहे. त्यावर आपल्याच हाताने घाव घालू नये, एवढंच सांगणं.